जमिनीखालचा कार्बन, त्याची गळती आणि वायरलेस सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर सारखे तेच ते प्रश्न येतात. कुणी इन्स्ट्रुमेंटेशनचे विद्यार्थी असतात, कुणी परदेशात असल्या साइटवर कामाला असतात, कुणी नुसती बातमी वाचून घाबरलेले असतात. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. सोपं वर आहे, किचकट खाली, आणि एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा म्हणून जिथे लागेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. जमिनीखाली कार्बन साठवतात म्हणजे नक्की काय करतात? खाली टाकी असते का?

टाकी वगैरे काही नसते. कारखान्याच्या धुरातला किंवा नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) दाबून खोल खडकात सोडतात. खडक बहुतेक वेळा सच्छिद्र वाळूचा असतो, भाजलेली वीट जशी पाणी पिते तसा तो खडक सीओटू आत घेतो, आणि त्याच्या वर शेलसारखा घट्ट थर असतो ज्याला कॅप रॉक म्हणतात, तो वर येऊ देत नाही. साधारण ८०० मीटरच्या खालीच सोडतात, कारण तिथला दाब आणि तापमान इतकं असतं की सीओटू ना धड वायू ना धड द्रव अशा अवस्थेत जातो (७४ बारच्या आसपास दाब आणि ३१ अंशांच्या वर तापमान लागतं) आणि कमी जागेत जास्त मावतो. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर इथे हे १९९६ पासून चालू आहे, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला जवळपास १० लाख टन. तिथे सुरू व्हायचं मोठं कारण म्हणजे नॉर्वेने १९९१ मध्ये लावलेला कार्बन टॅक्स.

२. एवढ्या खोलवरून तो परत वर येतो कसा?

येतो तर बहुतेक विहिरींतून येतो. खडकातल्या भेगा, फॉल्ट (खडकाचे थर जिथे सरकलेत त्या मोठ्या भेगा) हे मार्ग आहेतच, पण अनुभवी माणसाला विचारलं तर तो आधी जुन्या विहिरी दाखवेल. तेल-वायूसाठी कधीकाळी खणलेल्या, सिमेंट टाकून बुजवलेल्या, काहींची तर कागदपत्रंही धड नाहीत अशा. अल्जीरियात इन सालाह इथे २००४ ते २०११ इंजेक्शन (म्हणजे सीओटू जमिनीत सोडणं) चाललं, तिथेही २००७ मध्ये एका जुन्या विहिरीच्या तोंडाशीच सीओटू सापडला. सीओटू पाण्यात मिसळला की आम्ल तयार होतं, ते सिमेंट आणि स्टील दोन्ही खातं. बाकी नीट निवडलेल्या आणि नीट चालवलेल्या साइटवर १०० वर्षांनी ९९ टक्क्यांहून जास्त माल आतच असेल असं आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) २००५ च्या अहवालात म्हटलंय. त्यातले "नीट निवडलेल्या" आणि "नीट चालवलेल्या" हे शब्द बातम्यांमध्ये हमखास गाळले जातात.

३. सेन्सर कुठे लावतात, विहिरीत की शेतात?

दोन्हीकडे, पण कामं वेगळी. खोल विहिरीत प्रेशर गेज, तापमान, फायबर ऑप्टिक केबल असतात, आणि त्यातही कॅप रॉकच्या वरच्या थरात बसवलेलं प्रेशर गेज फार कामाचं, कारण दाबातला बदल वायू स्वतः पोचण्याच्या कितीतरी आधी कळतो. मधल्या थरात भूजलाच्या बोअर असतात, तिथे पीएच, कंडक्टिव्हिटी मोजतात. सगळ्यात वर मातीत आणि हवेत सीओटूचे सेन्सर, आणि वायरलेसचा खरा पसारा इथे असतो. लोकांचा समज असा की वरचे सेन्सर हेच पहिलं पहारा-ठाणं, तर तसं नाही, ते शेवटचं आहे. खालून निघालेला सीओटू वर यायला महिने काय वर्षंही लागू शकतात किंवा तो वाटेतल्या पाण्यातच विरघळून जातो (प्र. ११ मध्ये याचंच उदाहरण आहे). मग वरचे सेन्सर लावायचेच कशाला? कारण शेजारचा शेतकरी विचारतो माझ्या रानात काय चाललंय, आणि त्याला दोन किलोमीटर खोलीवरचा दाबाचा ग्राफ दाखवून चालत नाही.

४. वायरलेसच का? केबल टाकली तर काय बिघडतं?

केबल टाकता येते, पण शेतात नांगर चालतो, उंदीर केबल कुरतडतात, आणि काही चौरस किलोमीटर केबल टाकायची तर चर खणण्याचा खर्च सेन्सरपेक्षा जास्त होतो. वायरलेसमध्ये डेटा अगदी थोडा पाठवायचा असतो, पंधरा मिनिटांतून एकदा चार-पाच आकडे, त्यामुळे लोरासारखं कमी वेगाचं पण लांब पल्ल्याचं रेडिओ तंत्र बरोबर बसतं. मोकळ्या रानात काही किलोमीटर सहज जातं. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. झिगबी नावाचं दुसरं रेडिओ तंत्र पण वापरतात पण त्याची पोच कमी, मग मधे मधे नोड (सेन्सर-रेडिओचा एकेक डबा) लावून साखळी करावी लागते आणि मधला एक नोड मेला की मागचे सगळे गप्प.

एक गोष्ट नवीन पोरं हमखास विसरतात, रेडिओ मातीतून जात नाही, ओल्या मातीतून तर नाहीच नाही. सेन्सरचं डोकं जमिनीत आणि अँटेना खांबावर, हेच करायचं. आणि खांब पीक पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल त्याच्याही वर हवा. अमेरिकेतल्या इलिनॉयसारख्या भागात मका डोक्याच्या वर जातो आणि ओली पानं सिग्नल गिळतात, एप्रिलमध्ये झकास चाललेलं नेटवर्क जुलैमध्ये बसतं ते यामुळे.

५. आमच्या ऑफिसात भिंतीवर सीओटू मीटर आहे, तोच लावला तर?

आतलं तत्त्व तेच आहे. त्याला एनडीआयआर म्हणतात, इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा आणि ४.२६ मायक्रॉनला सीओटू तो किती शोषतो ते बघायचं. पण रेंज बघा. ऑफिसचा मीटर ५,००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग) जातो, आणि मातीतल्या हवेत लीक वगैरे काही नसताना सुद्धा १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का आरामात असतो, कधी त्याच्या कितीतरी पट. म्हणून मातीसाठी १० किंवा २० टक्क्यांपर्यंतचा सेन्सर घ्यावा लागतो. शिवाय त्याला पाणी अडवणारी पण वायू जाऊ देणारी टेफ्लॉनची पातळ पडदी लागते, नाहीतर आतल्या आरशावर दव धरतं आणि आकडे वेडेवाकडे येतात. हवेतल्या मोजणीसाठी ऑफिस मीटरची रेंज चालेल, पण अचूकता ३० पीपीएम अधिक-उणे आणि वर ३ टक्के अशी असते, आणि छोटं लीक असेल तर चार पावलांवर हवेतला फरक तेवढासुद्धा नसतो. आणि त्यातलं ऑटो कॅलिब्रेशन हा वेगळाच घोळ, तो प्र. ९ मध्ये.

६. एका साइटला किती सेन्सर लागतात?

सरळ गणित करून बघा. १ चौरस किलोमीटरवर दर ५० मीटरला एक लावायचा म्हटलं तर २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ सेन्सर. मोठ्या साइटवर खालचा पसारा कित्येक चौरस किलोमीटर असतो. आणि ५० मीटर तरी पुरेसं आहे का? अमेरिकेत मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या झर्ट प्रयोगात बोझमनला जमिनीखाली साधारण दोन मीटरवर १०० मीटर लांबीची आडवी पाइप टाकून मुद्दाम सीओटू सोडला, दिवसाला साधारण १०० ते ३०० किलो. पाइप सरळ रेषेत होती, तरी वर वायू सगळीकडे सारखा नाही आला, ठिकठिकाणी काही मीटरच्या गोल ठिपक्यांत आला आणि तिथलं गवत थोड्या दिवसांत पिवळं पडलं. दोन ठिपक्यांच्या मधे उभं राहिलात तर मातीत काही घडतंय याचा पत्ता नाही.

आता हा आकडा जोडून बघा. १० लाख टन साठवलेल्या साइटमधून वर्षाला ०.०१ टक्का गळला तर १०० टन, म्हणजे दिवसाला २७४ किलो. म्हणजे झर्टएवढंच. कागदावर नगण्य वाटणारं लीक आणि तेही ठिपक्याठिपक्यांत. म्हणून जाळं टाकून मासे पकडायच्या नादाला लागू नका, सेन्सर जिथे लीक व्हायची शक्यता आहे तिथे एकवटा, जुन्या विहिरींची तोंडं, माहीत असलेले फॉल्ट, सखल जागा. उरलेल्या भागासाठी फिरता सेन्सर किंवा लेझर वापरा, कॅनडात अल्बर्टाच्या क्वेस्ट साइटवर विहिरींजवळ हवेतून लेझर मारून बघतात.

७. रात्री आकडा एकदम वाढतो, हे लीक आहे का?

बहुतेक नाही. रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन तिथेच बसते, झाडं प्रकाशसंश्लेषण बंद करतात आणि मुळं-जिवाणू श्वास घेतच राहतात, त्यामुळे पहाटे जमिनीलगत ५००-६०० पीपीएम दिसणं अगदी नेहमीचं. सूर्य वर आला, वारा सुटला की खाली येतं. मातीतला आकडा दिवसाच्या तापमानाबरोबर हलतो, ऋतूबरोबर तर फारच. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की जिवाणू एकदम जागे होतात आणि सीओटूचा लोंढा येतो, त्याच दिवशी सगळे अलार्म वाजतात. म्हणून इंजेक्शन सुरू करायच्या आधी निदान वर्षभराचा बेसलाइन डेटा हवाच, सगळे ऋतू धरून. पैसे वाचवायला हा टप्पा तीन महिन्यांवर आणणारे लोक भेटतात, त्यांना पुढे प्र. ८ मधल्यासारखी वेळ येते तेव्हा हातात काही नसतं.

८. मग खरं लीक आणि मातीचा श्वास वेगळा ओळखायचा कसा?

हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

२०११ च्या सुरुवातीला कॅनडातल्या सस्कॅचेवनमध्ये वेबर्न या सीओटू सोडतात त्या साइटजवळच्या एका शेतकरी कुटुंबाने जाहीर केलं की आमच्या जमिनीतून सीओटू येतोय, पाण्यावर बुडबुडे, मेलेली जनावरं. त्यांनी नेमलेल्या सल्लागाराने मातीतला वायू तपासून कार्बनचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) इंजेक्ट केलेल्या सीओटूशी जुळतात असं सांगितलं. बातमी जगभर गेली. नंतर स्वतंत्र तपासणी झाली, तर आयसोटोपचा तो आकडा मातीतल्या नैसर्गिक श्वसनातही सापडतो, नुसत्या त्यावरून काहीच ठरत नाही. मग रेडिओकार्बन (कार्बनचा किरणोत्सारी आयसोटोप, जो फार जुन्या पदार्थांत उरत नाही) बघितला. वेबर्नचा सीओटू कोळशाच्या गॅसिफिकेशनमधून येतो, त्यात रेडिओकार्बन शिल्लकच नसतो, आणि मातीतल्या वायूत तो भरपूर सापडला. म्हणजे ताज्या झाडपाल्याचा. लीक नव्हतं.

त्याच प्रकरणात टेक्सास विद्यापीठातल्या कॅथरीन रोमानक यांची एक सोपी पद्धत गाजली. मातीत जिवाणू श्वास घेतात तेव्हा जेवढा सीओटू बनतो तेवढाच ऑक्सिजन संपतो, त्यामुळे दोघांची बेरीज २१ टक्क्यांच्या आसपास राहते. खालून सीओटू घुसला तर तो सगळ्यालाच बाजूला सारतो, ऑक्सिजन तर कमी होतोच पण नायट्रोजनही ७८ च्या बराच खाली येतो. याला बेसलाइन लागत नाही, हा मोठा फायदा. वायरलेस नोडवर सीओटूच्या शेजारी एक ऑक्सिजन सेन्सर बसवला की ही अर्धी तपासणी चालू जागेवर होते, आणि माझ्या मते नोडवर जास्तीचा पैसा खर्च करायचाच असेल तर तो यावर करा, महागड्या सीओटू सेन्सरवर नको.

आता अपवाद. इलिनॉयमध्ये डेकाटुरला जो सीओटू जमिनीत जातो तो मक्यापासून इथेनॉल करताना आंबवणीतून निघतो. म्हणजे त्यात रेडिओकार्बन ताजाच असतो, आणि त्याचे स्थिर आयसोटोपही मक्याचेच. आणि साइटभोवती काय आहे, तर मक्याची शेतं! वेबर्नला ज्या रेडिओकार्बनने सोडवलं तो इथे उपयोगाचा नाही. अशा ठिकाणी वरची वायूंच्या बेरजेची पद्धत, किंवा सीओटूबरोबर आधीच मिसळलेला परफ्लोरोकार्बनसारखा ट्रेसर (ओळख पटवणारा खुणेचा पदार्थ), हेच उपाय. दुसरा अपवाद म्हणजे मातीत मिथेन असेल तर. जिवाणूंनी मिथेन खाल्ला की एका सीओटूमागे दोन ऑक्सिजन जातात आणि बेरीज २१ च्या खाली जाते, लीकमध्ये मात्र ती २१ च्या वर जाते, त्यामुळे खरं लीक असलं तरी झाकलं जाऊ शकतं.

९. सेन्सरचं ऑटो कॅलिब्रेशन चालू ठेवू का?

नाही. नाही. नाही. बाजारातले बरेच स्वस्त एनडीआयआर सेन्सर असं धरून चालतात की आठवड्याभरात कधीतरी आपल्याला ताजी हवा मिळाली असणार, म्हणून त्या काळातला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच ४००, असं ते स्वतःच शिकतात. ऑफिससाठी हे ठीक, रात्री ऑफिस रिकामं असतं. तुमच्या सेन्सरखाली सतत हळूहळू लीक चालू असेल तर कमीतकमी आकडाच ४८० असेल, सेन्सर त्याला ४०० म्हणेल आणि लीक तुमच्या डोळ्यांदेखत गायब होईल. मातीत पुरलेल्या सेन्सरचं तर विचारूच नका, तिथे ताजी हवा येतच नाही. हे फीचर कारखान्यातून चालूच येतं, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मग ड्रिफ्ट येणार (आकडा हळूहळू सरकत जाणार), त्यासाठी ठरावीक महिन्यांनी सिलिंडरमधला माहीत असलेला गॅस देऊन हाताने कॅलिब्रेट करा. कंटाळवाणं काम आहे खरं.

१०. बॅटरी किती दिवस चालते?

समजा सेन्सर सतत चालू ठेवला आणि तो सरासरी ४० मिलिअँपिअर घेतो, तर १० अँपिअर-अवरची बॅटरी २५० तास, म्हणजे दहा दिवसांत खल्लास. दर १५ मिनिटांतून एक मिनिट चालू केला तर तीच बॅटरी साधारण १५० दिवस, तेही रेडिओचा आणि झोपेतला खर्च न धरता. पण सेन्सरमधल्या इन्फ्रारेड दिव्याला तापायला वेळ लागतो, पहिले काही सेकंद आकडे खोटे असतात, ते फेकून द्या. सोलर पॅनल लावलं तर धूळ आणि पक्ष्यांची शीट साफ करणारा माणूस लागतो, आणि तो माणूस बजेटमध्ये कुणी धरत नाही.

११. समुद्राखाली साठवलं असेल तर वायरलेस चालतं का?

रेडिओ खाऱ्या पाण्यात जवळजवळ चालतच नाही. तिथे ध्वनीचा मोडेम वापरतात, समुद्रतळावर उपकरणं ठेवायची आणि आवाजातून डेटा वर बोयापर्यंत (पाण्यावर तरंगणाऱ्या उपकरणापर्यंत) पाठवायचा. वेग फारच कमी. २०१२ मध्ये स्कॉटलंडला ओबनजवळच्या खाडीत क्यूआयसीएस नावाचा प्रयोग झाला, समुद्रतळाच्या ११ मीटर खाली ३७ दिवसांत ४.२ टन सीओटू सोडला. त्यातला फक्त १५ टक्क्यांच्या आसपास बुडबुड्यांच्या रूपात वर आला, बाकीचा गाळात आणि त्यातल्या पाण्यात राहिला. भरती आली की पाण्याचा दाब वाढून बुडबुडे कमी, ओहोटीला जास्त. म्हणजे तुमचा पाण्याखालचा पाहणी रोबो भरतीच्या वेळी फेरी मारून आला तर सगळं छान दिसेल. बुडबुड्यांचा आवाज ऐकायला हायड्रोफोन लावले होते, ते मात्र चांगलं चाललं.

१२. डेकाटुरला लीक झालं तेव्हा वरच्या सेन्सरनी का पकडलं नाही?

कारण ते वर आलंच नाही. २०२४ मध्ये एडीएम कंपनीच्या या साइटवर एका विहिरीतली नळी साधारण ५,००० फुटांवर गंजून गळत होती असं बाहेर आलं. सीओटू मिसळलेलं पाणी परवानगी असलेल्या थरातून निघून वरच्या, परवानगी नसलेल्या थरात गेलं, अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण खात्याने) नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने इंजेक्शन थांबवलं. पिण्याच्या पाण्याचा थर त्याच्या कितीतरी वर आहे, तिथपर्यंत पोचलं नाही. पण यातली खरी चपराक अशी, की गळलेली विहीर इंजेक्शनची नव्हती, लक्ष ठेवायला खणलेली मॉनिटरिंगची होती! जेवढ्या जास्त विहिरी तेवढे जास्त मार्ग. म्हणून "अजून दोन मॉनिटरिंग विहिरी टाकू" हा सल्ला ऐकायला चांगला वाटतो, पण फुकट नाही. प्र. ३ मध्ये म्हटलेलं वरच्या थरातलं प्रेशर गेज अशाच प्रकारासाठी असतं.

१३. गळलं तर माणसं मरतील का? कॅमेरूनच्या तळ्यासारखं?

न्योस तळ्यात १९८६ मध्ये १,७०० च्या वर माणसं गेली, पण तिथे ज्वालामुखीचा सीओटू तळाशी साचला होता आणि एका रात्रीत उसळला. खडकाच्या छिद्रांत अडकलेला वायू असा एकदम उसळू शकत नाही. खरा धोका पाइपलाइनचा, २०२० मध्ये मिसिसिपीत सटार्शियाजवळ पाइप फुटली तेव्हा ४५ जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, हवेत ऑक्सिजन कमी म्हणून गाड्यांची इंजिनंसुद्धा बंद पडली. सीओटू हवेपेक्षा दीडपट जड, खड्ड्यात, तळघरात साचतो. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ५,००० पीपीएम, ४०,००० ला जिवाला तत्काळ धोका. फील्डवर चेंबरमध्ये किंवा चरात उतरताना अंगावरचा गॅस अलार्म लावल्याशिवाय उतरू नका, आणि एकट्याने तर नाहीच.

१४. उपग्रहावरून दिसत नाही का मग?

छोटं लीक नाही दिसत. जमिनीचा फुगवटा मात्र दिसतो, इन सालाहला रडार उपग्रहाने वर्षाला ५ मिलिमीटरच्या आसपास उचललेली जमीन पकडली, वाळवंट असल्यामुळे ते जमलं. हिरव्या शेतात तेवढं सोपं नाही.

१५. इंजेक्शन बंद झाल्यावर सेन्सर काढून घेता येतात का?

लगेच नाही. अमेरिकेत क्लास सिक्स विहिरींना (सीओटू साठवायला सोडण्याच्या विहिरींना) डिफॉल्ट ५० वर्षं लक्ष ठेवावं लागतं, युरोपात सरकारकडे जबाबदारी द्यायच्या आधी साधारण किमान २० वर्षं. कुठलाच वायरलेस नोड ५० वर्षं टिकत नाही, म्हणून बदलायची सोय, जुना-नवा सेन्सर काही महिने शेजारी ठेवून ताडून बघायची पद्धत, आणि डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा हे पहिल्या दिवशीच ठरवा.

१६. महाराष्ट्रात असं काही होणार आहे का? आपल्याकडे तर काळा दगड आहे.

काळा दगड म्हणजे बसाल्ट, आणि त्याबद्दल उत्सुकता आहे ती आइसलँडमुळे. तिथे कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला सीओटू बसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त दगड होऊन बसला. दख्खनच्या बसाल्टवर अभ्यास चालतो, आयआयटी मुंबईत कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्रही आहे. दगड झाल्यावर गळायचं काही उरत नाही, पण होईपर्यंतचा काळ लक्ष ठेवावंच लागेल, आणि कार्बफिक्स पद्धतीला पाणी प्रचंड लागतं, जे मराठवाड्यात कुठून आणणार हा प्रश्न मला आधी पडतो. सेन्सरवाल्यांसाठी वेगळी डोकेदुखी म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मातीतली हवा भेगांतून ये-जा करते, पाऊस पडला की फुगून भेगा मिटतात आणि वायू आत कोंडतो. प्र. ७ मधला पहिल्या पावसाचा लोंढा इथे दुप्पट त्रास देईल. परदेशातला बेसलाइन उचलून इथे लावता येणार नाही.

१७. वर्षभर एकही अलार्म नाही, मग "लीक नाही" असं लेखी देऊ का?

असं देऊ नका. तुमचं जाळं किती किलोचं लीक किती अंतरावरून पकडू शकतं हे आधी मुद्दाम थोडा सीओटू सोडून तपासलंय का? नसेल तर शांतता म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, नोड मेलेले असले तरी शांतताच असते. रिपोर्टमध्ये असं लिहा की दिवसाला अमुक किलोच्या वरचं लीक या या पट्ट्यात आढळलं नाही, सेन्सर एकूण वेळेच्या इतके टक्के चालू होते, आणि सोबत बंद पडलेल्या नोडची तारखेसकट यादी जोडा. क्लायंट ती यादी काढायला सांगेल. काढू नका.